बॉनेटची धुराडी

आप्पा,

आज खंडेनवमी. सकाळी सूनबाईनं मुलाच्या गाडीला झेंडूची माळ घातली, ती नेमकी पुढच्या जाळीवरून. मी कट्ट्यावर बसलो होतो तो उठून गेलो आणि माळ वर सरकवली. "जाळी झाकायची नाही," म्हणालो, आणि जरा जोरातच म्हणालो असणार, कारण सगळी माझ्याकडं बघायला लागली. मग मुलगा हसला. "बाबांची दरसालची आरती झाली, आता नारळ फोडा," म्हणाला. खरंच दरसालची आहे. पण का, ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. निपाणीच्या मोटार स्टँडवर तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी मान वर न करता उत्तर दिलं होतं. ते उत्तर खोटं होतं. ते दुरुस्त करायला बसलोय. पहिल्यापासूनच सांगतो, निम्मं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते माहीत नाही. निदान मी तरी सांगितलेलं नाही.

लढाई संपली आणि मिलिटरीच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक जीप आमच्या मालकांनी घेतली. मालक म्हणजे निपाणीचे तंबाखूवाले, ज्यांच्या वखारीवर मी ड्रायव्हर होतो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, लायसन होतं, खिशात त्याची वही घेऊन फिरायचो आणि स्वतःला लई शहाणा समजायचो. जीपचं चाक डाव्या बाजूला, रंग शेवाळी, आणि तिला रस्ता लागायचाच नाही. ओढा, बांध, नांगरट, काही म्हणता काही अडायचं नाही तिला. मालकांनी मागं ट्रॉली जोडली आणि थेट रानातून तंबाखूची बोदं, म्हणजे भरलेली पोती, आणायला लावली. तिथं तिची खोड कळली. पहिल्या गिअरमध्ये, माल लादून, काळ्या रानातून बैलाच्या चालीनं अर्धा मैल चाललं की पाणी उकळायचं. रेडिएटरचं टोपण फडक्यानं धरून काढायचं, बादलीभर पाणी ओतायचं, पुन्हा अर्धा मैल. मालक म्हणायचे, "एवढी जर्मनला हरवून आली, आणि आमच्या तंबाखूनं हिला ताप येतोय व्हय?"

तुमच्याकडं मी ती भाद्रपदात आणली. अनगोळात आपल्या दारात जीप उभी राहिली तसा सगळा बोळ गोळा झाला. तुम्ही मात्र बादलीचा तळ ठोकत होता तो ठोकूनच उठलात. तुमचं काम पत्र्याचं: बादल्या, ट्रंका, आणि मुख्य म्हणजे कौलांच्या पन्हळी. बेळगावच्या पावसात तुमची पन्हळ गळली असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करून पत्रा किती जाड आहे ते ऐकलंत, आणि जेवायला चला म्हणालात.

आपलं ते स्वयंपाकघर मला आत्ता दिसतंय. आई चुलीपुढं बसली आहे, ओलं लाकूड धुमसतंय, तिचे डोळे लाल झालेत. तुम्ही पाटावरून तसंच उठून बांबूनं वरचं कौल सरकवता. धूर एका ओळीत वर जातो. "दर पावसाळ्यात ह्ये कौल कोण लावून घेतंय की," असं पुटपुटत तुम्ही परत बसता. मी सांगतोय की गाडी पाणी जास्त पिते एवढंच, बाकी इंजिन ठणठणीत आहे. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणता, "पाणी घालून ताप उतरत न्हाय, लेका. पांघरूण काढाय लागतंय." मला त्याचं हसू आल्यासारखं झालं. आई म्हणाली, "त्येला कळतंय हो, लायसन हाय त्येच्याकडं." तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करत होता आणि मी भाकरी खात होतो. तुम्ही पुढं म्हणालात, "फ्यान वारं आत वडतोय, ते आत येतंय, तापतंय, आनि भाइर जायाची वाटच न्हाय. धुराडं पाड तिला."

धुराडं पाडायचं कुठं, ह्याला तुम्ही दोन दिवस घेतलेत. मला वाटलं होतं की मागं, काचेजवळ, जिथं बॉनेट संपतं तिथं फट ठेवली की झालं. तुम्ही माझ्या आक्काच्या बाळाचं जुनं टोपडं उसवलंत, लाल लोकरीचे वीतभर धागे केलेत आणि कणकेच्या खळीनं साऱ्या बॉनेटभर ओळीनं चिकटवलेत. मग माझ्या शेजारी बसून म्हणालात, "चल." टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापर्यंत आपण चार वेळा गेलो आणि आलो. एक वकीलसाहेब बंगल्याच्या फाटकात उभे राहून पाहत होते. हिला देवी आल्या का, असं त्यांनी विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही काचेवरून मान पुढं काढून धागे बघत होता. काचेजवळचे धागे पत्र्याला चिकटून उलटे वळत होते, म्हणजे तिथं वारं परत आत घुसतं. जाळीच्या मागं, पंख्याच्या वर जे होते, ते उभे राहून थरथरत होते. "हितं," तुम्ही म्हणालात. "हितं वारं वर वडतंय. काचंपाशी पाडली असती तर धूर घरात."

मग बॉनेट काढून गोणपाटावर ठेवलं. बाभळीचा एक ठोकळा तुम्ही तासलात, एका बाजूला फुगीर, झोपलेल्या कासवाच्या पाठीसारखा. छिन्नीनं वीतभर चीर पाडायची, खालून ठोकळा धरायचा, वरून लाकडी हातोडीनं पत्रा हळूहळू उचलायचा, की चिरेचं तोंड मागच्या बाजूला उघडतं. पुढनं येणारं पाणी आत शिरत नाही, आतली गरम हवा मागं निघून जाते. अशा तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. कानशीनं धारा मारल्यात, तरी कडेला बोटाला लागेल अशी कूस राहिलीच. शेवटी प्रत्येक ओळीच्या खाली बोटभर अंतरावर अरुंद पन्हळ कथलाचा डाग देऊन बसवलीत, बाहेरच्या अंगाला उतार देऊन. पाऊस आत आलाच तर पन्हळीत पडेल आणि मडगार्डावर निघून जाईल. माझ्यासमोर तांब्याभर पाणी ओतून दाखवलंत. इंजिनावर एक थेंब पडला नाही. मी म्हणालो, "जोराचा पाऊस आला तर चिंध्या कोंबीन म्हणतो." तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "खुळा हायस काय? पन्हळ कशाला क्येली मग? पानी पडू दे. धुराडं बुजवायचं न्हाय, ध्यानात ठेव." सबंध आयुष्यात तुम्ही मला मोजून चार वेळा रागावला असाल, त्यातली ही एक.

गाडी चालली. तवंदीचा घाट मी भरल्या ट्रॉलीनं चढलो आणि पाण्याच्या तापाचा काटा मधल्या रेघेच्या पुढं सरकला नाही. वर थांबून बॉनेटवर हात धरला तर त्या सहा फटींतून ऊन वाफारा तळहाताला लागत होता. मालक खूश. वखारीत जो येईल त्याला ते हात धरून दाखवायला लागले. "आमच्या ड्रायव्हरच्या बापाची अक्कल," म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटला का? वाटला, पण पुरता नाही. एवढ्या मोठ्या विलायती गाडीला अनगोळच्या बादलीवाल्यानं हातोडी मारली, हे ऐकून कोणी मिशीत हसतंय का, इकडंच माझं लक्ष असायचं. आज हे लिहिताना माझीच लाज वाटते.

पंधरा दिवसांत नवमी आली. मालकांच्या आईसाहेबांनी ठरवलं की यंदा तराजूबरोबर जीपही पूजेत मांडायची. तुम्हाला आपल्याकडची रीत सांगायला नको. खंड्याच्या पूजेत मांडलेलं हत्यार सीमोल्लंघन होऊन उत्तरपूजा होईतो उघडायचं नाही, चालवायचं नाही. जीप दसऱ्याला सीमोल्लंघनाला जाणार होती, म्हणून आईसाहेबांनी तोड काढली: गाडी चालेल, पण पूजेसकट. माळ निघणार नाही, बॉनेट उघडणार नाही. आदल्या संध्याकाळी वखारीच्या दिवाणजींनी मला बाजूला घेतलं. "आईसाहेब गाडीवर घागर ओतणार री, तांब्या न्हवे. भोकातनं पाणी गेलं आनि परवा दसऱ्याला गाडी चालू झाली न्हाय तर अपशकून कुणाच्या डोक्यावर?" मी सांगायला हवं होतं की आत पन्हळ आहे. तुमच्या तांब्यापेक्षा मला दिवाणजींची घागर मोठी वाटली. मी वखारीतल्या तेल पुसायच्या चिंध्या घेतल्या, बॉनेट उचललं आणि सहाच्या सहा फटी आतून गच्च बुजवल्या. पूजा झाली की लगेच काढू, असा विचार होता. बॉनेटच्या दोन्ही कड्यांतून माळ ओवून बांधणार आहेत आणि जोडावर कुंकवाचं स्वस्तिक काढणार आहेत, हे मला सकाळी दिसलं. तेव्हा आईसाहेब घागर घेऊन उभ्या होत्या.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही निघालो. चाक माझ्या हातात, शेजारी मालक, मागं आईसाहेब आणि मालकांचे मेहुणे, मांडीवर आपट्याच्या पानांचा भारा घेऊन. घाटावरच्या शेतात जाऊन सोनं वाटायचं होतं. पहिल्या वळणावर काटा मधली रेघ ओलांडून गेला. मला दिसलं. का, तेही माहीत होतं. थांबून एवढंच म्हणायचं होतं, "आईसाहेब, बॉनेट उघडतो." पण मागं त्या बसलेल्या, पुढं झेंडूची माळ, आणि मी मनात म्हणत राहिलो की एवढा चढ संपला की उतार आहे. उताराआधीच आवाज झाला. वाफेचा लोट वर आला आणि गाडी थांबली. सगळे उतरून दहा पावलं लांब पळाले. माळ मीच तोडली. बॉनेट उचललं, सहा ठिकाणच्या करपलेल्या, ओल्या, फुगलेल्या चिंध्या ओढून काढल्या आणि वाफेच्या आडून दरीत फेकल्या. हाताची कातडी निघाली. मालक जवळ आले तोवर फटी मोकळ्या होत्या.

इंजिनाच्या डोक्यावर कुंकवाचे लाल ओघळ वाळलेले होते. चिंध्यांनी पन्हळी तुंबवल्या आणि घागरीचं पाणी वरून सांडलं, एवढाच त्याचा अर्थ. मालकांनी वेगळा अर्थ काढला आणि त्यांना दोष तरी कसा देऊ, त्यांना चिंध्या दिसल्याच नव्हत्या. "बघा, भोकातनं पाणी गेलं. आत मुरलं, आनि इंजिन तापल्यावर फुटलं." मेहुणे म्हणाले, "साबूत पत्र्याला भोक पाडलं की दुसरं काय होणार?" आईसाहेब रस्त्याच्या कडेला दगडावर पदर सावरून बसल्या होत्या. मी चिंध्यांचं नाव न काढता भाजलेला हात पाठीमागं धरला. गॅसकेट उडाली होती, आणि बैलांनी गाडी ओढून वखारीत नेली.

चार दिवसांनी तुम्हाला निरोप गेला. तुम्ही सर्व्हिस मोटारीनं आलात, पटका बांधून, हत्यारांची पिशवी काखेत धरून. काहीतरी दुरुस्त करायला बोलावलंय असं तुम्हाला वाटलं असणार. वखारीच्या अंगणात हमाल होते, दिवाणजी होते, मी होतो. मालक आवाज न चढवता बोलले, ते मला चढवलेल्या आवाजापेक्षा जास्त लागलं. "आप्पा, घागर-बादली तुमचा हात. गाडी तुम्हाला कळत न्हाय. ती भोकं बंद करून द्या." मी तुमच्याकडं पाहत होतो. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. "बरोबर हाय, मालक," म्हणालात, आणि बॉनेट काढायला मला खूण केलीत.

तुम्ही उचललेला पत्रा तुम्हीच ठोकून खाली बसवलात. वरून पट्ट्या मारल्यात, रिबिटं ठोकलीत, डाग दिलेत, सपाट घासलंत. सगळी दुपार गेली. बंद करण्याआधी प्रत्येक फटीत बोट घालून बघत होता. चौथ्या फटीच्या कडेला राहिलेल्या कुशीला काहीतरी अडकलं होतं. तुम्ही ते चिमटीत धरून ओढलंत. करपलेला, काळा, कापडाचा दोन बोटं लांब धागा. तळहातावर ठेवून तुम्ही तो बराच वेळ बघितलात, आणि मग फुंकर मारून उडवलात. मी समोर उकिडवा बसलो होतो.

स्टँडवर मोटार यायला वेळ होता. तुम्ही माझ्या भाजलेल्या हाताकडं बघून विचारलंत, "खोबरेल लावलंस का?" मी लावलं म्हणालो. मग थोड्या वेळानं, तंबाखू मळता मळता, अगदी पावसापाण्याचं विचारावं तसं विचारलंत, "धुराडी उघडीच होती नव्हं?"

"व्हय आप्पा. उघडीच होती."

"बरं," तुम्ही म्हणालात. "मग माझंच चुकलं." पिशवीतून बाभळीचा ठोकळा काढून माझ्या हातात दिलात. "ह्यो ठेव. मला आता काय करायचाय." मोटार आली. तुम्ही खिडकीशी बसलात आणि मी ठोकळा घेऊन उभा राहिलो.

पुढं काय झालं ते आईनं मला सांगितलं. त्या सालात लिलावातल्या, डिस्पोजलच्या गाड्या जिकडंतिकडं झाल्या होत्या. तुमच्या सहा फटींची बातमी बेळगावात आधीच पोचलेली, त्यामुळं कंग्राळीचे लॉरीवाले दारात यायचे. आप्पा, आमच्याही गाडीला धुराडी पाडून द्या, म्हणायचे. तुम्ही बादलीवरची नजर न काढता सांगायचा, "मला गाडी कळत न्हाय." मालकांचं वाक्य, शब्दाला शब्द. आई म्हणाली, "अरं, ते असं कधी बोलत न्हवते. काय झालंय रं त्येन्ला?" मी म्हणालो, वय झालं. तुमचं वय तेव्हा पंचावन्नसुद्धा नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात, इंग्रजांचा झेंडा उतरायच्या दोन-तीन महिने आधी, तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी निपाणीहून पोचलो तेव्हा आईनं तेच कौल बांबूनं सरकवलेलं होतं. घरात चूल पेटलेली नव्हती तरीही.

काही वर्षांनी मी स्वतःची जीप घेतली, तशीच जुनी, खानापूरच्या रानातून लाकडं ओढायला. पहिल्याच आठवड्यात ठोकळा काढला. लाल धागे कुठं थरथरत होते ते माझ्या डोळ्यांसमोर होतंच. मोजमाप घ्यावं लागलं नाही. सहा फटी पाडल्या, खाली पन्हळी डागल्या. अकरा पावसाळे ती गाडी मी चालवली. कितीही पाणी पडलं तरी बंद पडली नाही, कितीही चढ असला तरी काटा मधल्या रेघेवर. रानातले कंत्राटदार बॉनेटवर हात फिरवून विचारायचे, "ही अक्कल कुणाची?" मी काय सांगायचो ठाऊक आहे? माझीच, म्हणायचो. तुमचं नाव एकदा घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण तुमचं नाव घेतलं की पुढची गोष्ट सांगावी लागली असती.

तो धागा बघून तुम्हाला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. कळलं असेल तर तुम्ही मला बोलायची संधी दिलीत आणि मी ती घालवली. कळलं नसेल तर आपण गाडी नासवली असं समजून तुम्ही गेलात. दोन्हींत मी सुटत नाही. आता बाहेर पोरं प्रसाद वाटतायत, नात हाका मारतेय. हा कागद ठोकळ्याखाली ठेवतो. त्याला घरात कुणी हात लावत नाही, तो कशाचा आहे तेच कुणाला ठाऊक नाही.

तुम्ही विचारलं होतंत, धुराडी उघडीच होती नव्हं.

न्हाय, आप्पा. बुजवल्याली. मीच बुजवल्याली.